अमेरिकेची शिष्यवृत्ती : हुशारीची किती, गरजेची किती?

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी स्टँडसमोर फलक झळकू लागतात. ‘अमेरिकेत शिका, शंभर टक्के शिष्यवृत्ती मिळवा!’ फलक वाचून एखादा बाप हुशार पोराला घेऊन आत जातो आणि बाहेर येतो तो पंचवीस-पन्नास हजारांची पावती घेऊन. कुठे कुठे तर गोष्ट रान गहाण टाकण्यापर्यंत जाते. अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत परदेशी मुलांना शिष्यवृत्ती मिळते, यात शंका नाही. पण ती कोणाला, कशाच्या बळावर आणि किती मिळते, हे कळल्याशिवाय शेतकऱ्याने एक रुपयाही बाहेर काढू नये.

आधी खर्चाचा आकडा

अमेरिकेतल्या बड्या खाजगी विद्यापीठात शिकवणी फी, वसतिगृह, जेवणखाण, पुस्तके आणि विमा धरून वर्षाचा खर्च आज ८० हजार डॉलरच्या वर जातो. डॉलर ८० रुपयांचा जरी धरला तरी वर्षाला ६४ लाख झाले. पदवी चार वर्षांची, म्हणजे अडीच कोटींच्या वर. पाच एकर ऊस लावणाऱ्याने हा आकडा एकदा कागदावर मांडावा. म्हणजे ‘थोडीफार शिष्यवृत्ती’ आपल्या काय कामाची, हे आपोआप ध्यानात येईल.

हार्वर्डला ‘मेरिट’ नाही

पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, ब्राऊन, डार्टमथ आणि पेनसिल्व्हेनिया या आठ विद्यापीठांत पदवीसाठी गुणवत्तेची शिष्यवृत्ती मुळी दिलीच जात नाही. एमआयटीतही नाही. तिथे येणारा प्रत्येक जण आपल्या गावचा पहिलाच असतो, मग त्यात पुन्हा पहिला कोण ठरवायचा, असा त्यांचा हिशोब. तिथली मदत घरची ऐपत पाहून मिळते. बाप किती देऊ शकतो ते विद्यापीठ ठरवते आणि उरलेले स्वतः सोसते. हे कर्ज नसते, परत फेडावे लागत नाही.

म्हणून ‘हार्वर्डची मेरिट स्कॉलरशिप मिळवून देतो’ असे कोणी म्हणाले, तर तिथूनच पाय मागे घ्यावा.

यातही दोन तऱ्हा आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट येथे परदेशी मुलालाही प्रवेश देताना तो गरीब की श्रीमंत हे पाहत नाहीत. २०२२ पासून डार्टमथ आणि बोडन यांनीही तोच नियम केला. हार्वर्डने २०२५-२६ पासून वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या घरच्या मुलाचा फी-राहणे-खाणे हा सारा खर्च उचलण्याचे जाहीर केले. आपल्याकडचे बहुतेक शेतकरी त्या मर्यादेच्या कितीतरी खाली बसतील. मात्र तिथे शंभर अर्जांतून पाचांनाही जागा मिळत नाही. दार उघडे आहे, पण अरुंद आहे.

दुसऱ्या तऱ्हेच्या ठिकाणी मदत मागणाऱ्या परदेशी मुलाला प्रवेशच अवघड होतो. म्हणून एजंट सल्ला देतो, ‘मदत मागूच नका, प्रवेश झाल्यावर बघू.’ हा सल्ला अंगाशी येतो. पहिल्या अर्जात मदत मागितली नाही तर पुढे परदेशी मुलाला ती मागता येत नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे.

कॉर्नेलमध्ये भारतीय मुलांसाठी एक खास सोय आहे. टाटांच्या विश्वस्त निधीने २००८ मध्ये दिलेल्या अडीच कोटी डॉलरच्या ठेवीतून एका वेळी सुमारे वीस भारतीय मुले तिथे शिकतात. तीही गरजेवरच.

हुशारीवर कुठे मिळते?

गुणवत्तेची शिष्यवृत्ती देणारी नामांकित विद्यापीठे वेगळी आहेत. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची मोरहेड-केन शिष्यवृत्ती १९४५ पासून चालू आहे. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना मिळून रॉबर्टसन शिष्यवृत्ती देतात. व्हर्जिनियाची जेफरसन, एमरीची वूड्रफ, व्हँडरबिल्टची कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट ही त्यातलीच नावे. बॉस्टन विद्यापीठाची ट्रस्टी शिष्यवृत्ती पूर्ण शिकवणी फी देते. पण ‘पूर्ण फी’ म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. राहणे-खाणे त्यात आहे की नाही, हे आधी विचारावे.

इथे नुसते टक्के चालत नाहीत. बारावीला पंच्याण्णव टक्के असणारी पोरे त्यांच्याकडे पोत्याने आहेत. पोराने आणखी काय केले, ते बघतात. गावच्या दूध संघाचा हिशोब संगणकावर आणला, विहिरींच्या पाण्याची पातळी दोन वर्षे मोजून वहीत नोंदली, वस्तीवरच्या पोरांची शिकवणी घेतली, अशा कामाला तिथे वजन आहे. आणि हे शेतकऱ्याच्या पोराला शहरातल्या पोरापेक्षा जास्त जमण्यासारखे आहे. फक्त ते खरे असले पाहिजे. मुलाखतीत खोटे टिकत नाही.

अर्ध्या शिष्यवृत्तीचा फास

खरा धोका इथेच आहे. मध्यम दर्जाची अनेक विद्यापीठे भराभर ‘मेरिट’ची पत्रे पाठवतात. वर्षाला पंधरा हजार डॉलरची शिष्यवृत्ती! घरी पेढे वाटले जातात. पण खर्च साठ हजारांचा असेल तर पंचेचाळीस हजार बापाच्या माथी राहतात. ती शिष्यवृत्ती नव्हे, दुकानदाराने दिलेली सूट आहे. शिवाय दरवर्षी ठराविक गुण राखले नाहीत तर ती बंद होते, आणि फी मात्र दरसाल वाढते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते. ‘पोरगं तिकडं कमवून फेडील’ हा हिशोब म्हणून चुकतो.

सातबारा आणि परदेशी फॉर्म

गरजेची मदत मागताना ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा फॉर्म अनेक ठिकाणी भरावा लागतो. त्यात उत्पन्नाबरोबर घर, धंदा आणि शेतजमिनीची किंमतही विचारतात. इथे आपला माणूस अडतो. शेती उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र नाही. सातबाऱ्यावर चार भावांची नावे, वाटप झालेले नाही. हमरस्त्यालगतच्या जमिनीचा सरकारी भाव कोटीत, आणि हातात मात्र वर्षाला दोन-तीन लाख.

यावर उपाय म्हणजे कागद चोख ठेवणे. सातबारा, आठ-अ, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कारखान्याची ऊसबिले किंवा बाजार समितीच्या पट्ट्या, बँकेचे पासबुक आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, यांची इंग्रजी भाषांतरे तयार ठेवावीत. जमीन सामाईक आहे, आपला हिस्सा इतकाच, ती विकली तर पोट भरायचे साधन जाते, हे फॉर्मसोबत साध्या शब्दांत लिहून द्यावे.

तलाठी आणि ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांना इथे विनंती आहे. दाखल्यावर सवयीने कमी आकडा पडतो, आणि पासबुकात मात्र ऊसबिलाची मोठी रक्कम दिसते. परदेशी कचेरीत हे दोन कागद शेजारी ठेवले जातात. मेळ बसला नाही तर पोराचा अर्ज संशयात येतो. खरा आकडा लिहिणे हीच इथे मोठी मदत आहे.

कृषी पदवीधरांची वाट

पदवी इथे घेऊन पुढे जाणे ही शेतकऱ्याच्या पोराला जास्त परवडणारी वाट आहे. अमेरिकेने १८६२ मध्ये मॉरिल कायदा करून राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी राहिली. कॉर्नेल आणि आयोवा स्टेट त्यातलीच. आपली कृषी विद्यापीठेही बऱ्याच अंशी त्याच धर्तीवर निघाली. तिथे पीएच.डी. करणाऱ्याला, आणि काही वेळा एम.एस. करणाऱ्यालाही, ‘असिस्टंटशिप’ मिळते. आठवड्याला साधारण वीस तास संशोधनाचे किंवा शिकवण्याचे काम, त्याबदल्यात फी माफ आणि दरमहा वेतन. राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या पदवीधराने ज्या प्राध्यापकाचा विषय आपल्या विषयाशी जुळतो, त्याला वर्षभर आधी नेमके पत्र लिहावे. शंभर जणांना एकच पत्र पाठवू नये.

फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीही पदवीनंतरची आहे. ती घेणाऱ्याला शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते.

आपल्या सरकारचा हात

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, ते अमेरिकेच्या पैशावर नव्हे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती. ती वाट आजही बंद झालेली नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि भटक्या-विमुक्तांबरोबर भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांनाही जागा आहेत. या जागा मोजक्या असतात, पण गावात त्यांची माहितीच नसते. ग्रामसभेत ही योजना एकदा वाचून दाखवायला काय हरकत आहे? दोन्ही योजना पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. उत्पन्न, वय आणि गुणांच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात.

तयारी कधी लागावी?

पदवीच्या अर्जांची मुदत साधारण १ नोव्हेंबर आणि १ जानेवारीच्या सुमारास असते, निकाल मार्चअखेर लागतो. म्हणजे तयारी अकरावीतच हवी. बारावीच्या निकालानंतर धावपळ करून त्या वर्षीची गाडी सापडत नाही. माहिती मोफत मिळते. अमेरिकी सरकारची ‘एज्युकेशनयूएसए’ ही सल्लासेवा मुंबईत आहे. अर्जाची फी गरजूंना बऱ्याच ठिकाणी माफ होते, मात्र ती माफी मागावी लागते.

व्हिसाचा भरवसा कोणी देऊ नये आणि कोणी घेऊ नये. २०२५ च्या मे-जूनमध्ये अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे काही आठवडे थांबवले होते. प्रवेश हाती असलेली पोरेही तेव्हा घरी बसून होती. म्हणून इथल्या चांगल्या महाविद्यालयातली जागा शेवटपर्यंत सोडू नये.

पत्र हाती आले की एकच प्रश्न विचारावा : चार वर्षांत माझ्या खिशातून एकूण किती जाणार? उत्तर झेपणारे असेल तर पोराला आनंदाने पाठवावे. झेपणारे नसेल तर नाही म्हणण्यात कमीपणा नाही. पोराची हुशारी कुठे जात नाही, पुढे एम.एस.ला, पीएच.डी.ला ती कामी येते. विकलेले रान मात्र परत मिळत नाही.