मोटार जेव्हा जनित्र होते...

वडूज हे सातारा जिल्ह्यातील खटाव या दुष्काळी तालुक्याचे मुख्यालय. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्र तासन् तास अंधारात राहिला, तेव्हा विहिरीवरची मोटारही मुकाट पडून असे. वीज घेऊन फिरणारी ही मोटार आपणच फिरविली, तर ती वीज देईल काय? देईल, मात्र दोन अटींवर.

मोटार आणि जनित्र यांची रचना मुळात एकच. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात ग्राम यांच्या जनित्राला दुसऱ्या जनित्राची वीज मिळाली आणि ते मोटारीप्रमाणे फिरू लागले. उलट क्रियाही तितकीच शक्य आहे. कायम चुंबकाची डीसी मोटार फिरविताच वीज देते. पंपाच्या इंडक्शन मोटारीत मात्र असे चुंबक नसते. रोटरमध्ये उरलेले किंचित चुंबकत्व आणि बाहेरून जोडलेले कपॅसिटर यांच्या साह्याने तिच्यात वीजदाब निर्माण होतो. पंप चालविताना मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेणारी मोटार ५० हर्ट्‌झची वीज देण्यासाठी १५०० हून थोड्या अधिक वेगाने फिरवावी लागते. भार फार वाढला, तर दाब कोसळतो. एकदम निघाला, तर दाब वाढून उपकरणे जळू शकतात. नेपाळमधील लहान जलविद्युत प्रकल्पांत ही पद्धत वापरली गेली आहे.

पहिली अट ऊर्जेची. मोटारीने जनित्र फिरवावे आणि त्याच्याच विजेवर ती मोटार चालवावी, ही 'फुकट विजे'ची कल्पना निसर्गनियमात बसत नाही. फिरविण्यासाठी पाणी, वारा, इंधन किंवा श्रम हवेतच. पायडल मारणारा माणूस दीर्घकाळ जेमतेम ७५ ते १०० वॅट शक्ती देतो. पाच अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३७०० वॅट. त्यासाठी चाळीसेक माणसे लागतील! एका माणसाच्या श्रमांवर काही एलईडी दिवे लागतील, पंप नव्हे.

दुसरी अट प्राणांची. असे जनित्र घराच्या वायरिंगला थेट जोडले, तर वीज उलट वाहत रोहित्रापर्यंत जाते. तेथे तिचा दाब ११ हजार व्होल्टपर्यंत चढू शकतो आणि वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा बळी जाऊ शकतो. म्हणून चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंग अनिवार्य. जुनी मोटार भंगारातून स्वस्तात मिळेल. या दोन गोष्टींवर मात्र काटकसर नको.