झिगझॅग चालत नाही, म्हणून मशीन भंगारात?

शाळेच्या कार्यानुभवाच्या खोलीत, नाहीतर घरी माळ्यावर, एखादं जुनं शिलाई मशीन पडलेलं असतं. चाक फिरतं, सरळ टीपही येते. पण झिगझॅगची पट्टी सरकवायला जावं तर ती जागची हलत नाही, किंवा हलली तरी सुई सरळच चालते. मग कुणीतरी म्हणतं, "झिगझॅग गेलंय, याचे पार्ट आता मिळत नाहीत." डेडस्टॉक रजिस्टरमध्ये निर्लेखनाची नोंद होते आणि मशीन किलोच्या भावाने जातं.

अशी बरीच मशीनं मुळात बिघडलेली नसतात, चिकटलेली असतात. बिघडलेल्याला नवा भाग लागतो. चिकटलेल्याला लागतात थोडं तेल, जुना कपडा आणि दोन-तीन दिवसांचा धीर. हा फरक कसा ओळखायचा, तेच आज पाहू.

झिगझॅग टीप कशासाठी?

सरळ टिपेत सुई एकाच रेषेत वरखाली होते. झिगझॅगमध्ये ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पडते. कापडाची कापलेली कड उसवू नये म्हणून ही टीप मारतात. साडीचा पिको, शर्टाचं काज हे याच टिपेचे प्रकार. काज म्हणजे अगदी जवळजवळ मारलेल्या झिगझॅगच्या दोन ओळी आणि टोकांना टाके.

टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडालाही हीच टीप चालते. कारण गणितात आहे. समजा कापड दर टाक्याला 2 मिमी पुढे सरकतं आणि सुई 4 मिमी आडवी जाते. पायथागोरसच्या प्रमेयाने तिरका टाका होतो 4 आणि 16 यांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे साधारण 4.5 मिमी. 2 मिमी कापडावर 4.5 मिमी दोरा! कापड ताणलं की तिरका दोरा सरळ होत जातो, तुटत नाही. वर्गात प्रमेय शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

अमेरिकेतल्या हेलन ब्लँचर्ड या महिलेने झिगझॅग शिलाईच्या यंत्राचं पेटंट 1873 मध्ये घेतलं. घरगुती मशीनमध्ये मात्र ही सोय रुळायला बराच काळ गेला. सिंगरचं 206 हे मॉडेल 1936 च्या सुमाराचं. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि जपानमधली झिगझॅग मशीनं घरोघरी पोचली. आज आपण ज्यांना जुनी, लोखंडी, वजनदार मशीनं म्हणतो, ती बहुतेक या काळातली.

आत काय चालतं?

सुई ज्या दांडीला लावलेली असते, ती दांडी एका झुलत्या चौकटीत बसवलेली असते. आत एक कॅम फिरतो, म्हणजे पूर्ण गोल नसलेली चकती. तिच्या उंचवट्यामुळे एक काटा पुढेमागे होतो आणि तो चौकटीला ढकलतो. किती ढकलायचं ते बाहेरची पट्टी ठरवते. पट्टी शून्यावर असली की कॅम फिरतो, पण चौकट हलत नाही.

मुलांना चाक हाताने हळू फिरवायला सांगा. एका फेरीत सुई डावीकडे पडते, दुसऱ्या फेरीत उजवीकडे. म्हणजे डावी-उजवी जोडी पूर्ण व्हायला चाकाच्या दोन फेऱ्या लागतात. आणखी एक गोष्ट दाखवा: सुई आडवी सरकते ती कापडाच्या वर असतानाच. कापडात असताना सरकली तर मोडेल.

आता झिगझॅगच आधी का बंद पडतं ते कळेल. वर्षानुवर्षं फक्त सरळ शिवण झाली, तर बाकीचे सांधे फिरत राहतात. चौकटीचा सांधा मात्र जागेवरच. तिथलं तेल वाळून गोंदासारखं होतं. त्यात कुणी खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल घातलेलं असेल तर विचारूच नका. खोबरेल थंडीत थिजतं, खाद्यतेल हवेने चिकट होतं.

दुरुस्तीचा क्रम

1. आधी प्लग काढा. वायरचं रबर तडकलेलं असेल तर इलेक्ट्रिशियनने बदलेपर्यंत मोटर लावू नका. मुलांनी काम करायचं ते हाताने चाक फिरवूनच.

2. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा. काढलेले स्क्रू क्रमाने वाटीत ठेवा.

3. जुनी सुई काढून टाका. बॉबिन केस काढा. जपानी पद्धतीच्या बऱ्याच मशीनमध्ये शटलची कडी दोन लहान पट्ट्यांनी धरलेली असते. त्या बाजूला केल्या की अर्धचंद्रासारखं शटल हातात येतं. त्याच्या मागे अडकलेला दोऱ्याचा एक तुकडासुद्धा अख्खं मशीन जाम करू शकतो.

4. सुईखालची प्लेट काढा. दात्यांमध्ये कापसाचा मळ नमद्यासारखा घट्ट बसलेला असतो. ब्रशने आणि टाचणीने काढा. फुंकर मारू नका, मळ आत जातो.

5. वरचं झाकण आणि डावीकडचं दार उघडा. जिथे धातूवर धातू घासतो अशा प्रत्येक सांध्यावर रॉकेलचा एकेक थेंब सोडा. चाक फिरवा, काळं पाणी पुसा, पुन्हा सोडा. खिडकी उघडी हवी, जवळ आग नको. रॉकेल नसेल तर शिलाई मशीनचं तेलही चालतं, फक्त वेळ जास्त लागतो.

6. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी पट्टी बोटाने हलकेच हलवून पाहा. नाही हलली तर चौकटीच्या सांध्यावर केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा द्या, तेल सोडा आणि पुन्हा थांबा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पट्टी केसभर हलली तरी काम झालंच म्हणून समजा.

7. रॉकेल हे वंगण नाही. सगळं मोकळं झालं की ते पुसून शिलाई मशीनचं पातळ तेल द्यायलाच हवं.

काळ्या मशीनवरची सोनेरी नक्षी स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसू नका. जुन्या मशीनवर लाखेचा थर असतो, तो स्पिरिटमध्ये विरघळतो.

जोर लावायचा नाही

हे मी चुकून शिकले. पहिल्या मशीनची पट्टी हलेना म्हणून मी पकडीने ओढली. पट्टी हलली, पण आतला स्क्रू तुटला. दोन दिवस थांबले असते तर तेलानेच मोकळी झाली असती. चिकटलेलं मशीन मी स्वतः बिघडलेलं करून ठेवलं.

म्हणून फरक ओळखायची खूण लक्षात ठेवा. तेल दिल्यावर रोज थोडं थोडं मोकळं होतंय, तर ते चिकटलेलं आहे, थांबा. चाक फिरताना ठराविक जागी कट्ट असा आवाज येतो, किंवा चाक फिरतं पण कॅम फिरत नाही, तर काहीतरी तुटलंय, कारागिराला दाखवा. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक मशीनमध्ये नायलॉनची गिअर आली. ती वयोमानाने तडकतात. तिथे तेलाचा उपयोग नाही, गिअरच बदलावी लागते.

सुई आणि चाचणी

बहुतेक घरगुती मशीनला 15×1 जातीची, एका बाजूने सपाट सुई लागते. पण सिंगरच्या 206 आणि 306 ला 206×13 ही वेगळी सुई आहे. नेहमीची सुई थोडी लांब असल्याने ती शटलच्या भागावर आपटू शकते. म्हणून मॉडेल नंबर वाचल्याशिवाय सुई लावू नका.

मग पट्टी सर्वात रुंद टिपेवर ठेवून चाक हाताने फिरवा. शटलचं टोक सुईच्या नेढ्याच्या किंचित वरून, डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही वेळा जायला हवं. एकाच बाजूचे टाके सुटत असतील तर आधी नवी सुई लावून पाहा. तरीही सुटले, तर शटलचा मेळ कारागिराकडून बसवून घ्या.

वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून चिंधीवर शिवा. कोपऱ्यांवर लाल दोरा खालच्या बाजूला किंचित दिसला तर चालेल. पांढरा वर आला तर वरचं टेन्शन थोडं सैल करा.

पुढे काय?

आठ-दहा तास शिवण झाली की मळ काढून एकेक थेंब तेल. आणि महिन्यातून एकदा, गरज नसली तरी, पट्टी शून्यापासून टोकापर्यंत फिरवून वीतभर झिगझॅग मारा. वर्गात ही जबाबदारी दोन मुलांना आणि दोन मुलींना आळीपाळीने द्या, वहीत तारीख लिहायला सांगा.

घर्षण, कॅम, पायथागोरस हे तर त्यातून शिकता येईलच. पण न हलणाऱ्या वस्तूवर लगेच जोर लावायचा नाही आणि लगेच फेकायचीही नाही, हे मुलांना पुस्तकातून शिकवणं अवघड आहे. तेव्हा निर्लेखनाच्या यादीवर सही करण्याआधी त्या मशीनला चार दिवस द्या.