हृदयाच्या आतून सोनोग्राफी : हृदयाभोवतीचे पाणी कसे ओळखतात?



पोटावर जेल लावून केलेली सोनोग्राफी तुम्ही पाहिली असेल. पण हीच सोनोग्राफी हृदयाच्या आत जाऊनही करतात, हे माहीत आहे का? चला तर, समजून घेऊया.

आपले हृदय एका दुपदरी पिशवीत असते. तिला हृदयावरण म्हणतात. दोन पदरांमध्ये साधारण १५ ते ५० मिली द्रव असतो. सायकलच्या चेनला तेल देतो ना, तसेच त्याचे काम. घर्षण होऊ न देणे.

हा द्रव वाढला तर? हळूहळू साचला तर पिशवी ताणली जाते, अगदी लिटरभरही मावतो. पण झटपट दीड-दोनशे मिली साचला, तरी हृदय दाबले जाते. त्यात रक्त नीट भरत नाही आणि रक्तदाब कोसळतो. याला कार्डियाक टॅम्पोनेड म्हणतात. उपचाराला उशीर झाला तर जीव जाऊ शकतो.

हृदयाची लय बिघडल्यावर अ‍ॅब्लेशन करतात. त्यात बऱ्याचदा हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला सुईने छिद्र पाडावे लागते. क्वचित हृदयाच्या भिंतीला इजा होते आणि रक्त पिशवीत झिरपते. इथेच ही सोनोग्राफी उपयोगी पडते.

जांघेतल्या शिरेतून सुमारे ३ मिमी जाडीची नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयाच्या उजव्या बाजूला नेतात. तिच्या टोकाशी अल्ट्रासाउंडचे यंत्र असते. आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. या लहरी मात्र लाखो हर्ट्झच्या असतात. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तशा त्या हृदयाच्या भिंतींवरून परततात. त्यावरून पडद्यावर चित्र उमटते. द्रवातून प्रतिध्वनी जवळपास येतच नाही, म्हणून तो काळा दिसतो. हृदयाबाहेर काळी पट्टी दिसली, की डॉक्टर सावध!

छातीवरून इको करताना बरगड्या आणि फुप्फुसातली हवा आड येते. आतून बघताना हा अडथळा नसतो. रक्तदाब घसरण्याआधीच पाणी दिसू शकते.

एक गोष्ट लक्षात ठेवा बरं का! हृदयाभोवतीची चरबीही कधी कधी काळसर दिसते. म्हणून सुरुवातीलाच एकदा बघून ठेवतात आणि नंतरचे चित्र त्याच्याशी ताडून पाहतात. गरज पडल्यास सुईने द्रव काढून हृदयावरचा दाब कमी करतात.

आता सांगा, वर्गात प्रतिध्वनीचा धडा शिकवताना हे उदाहरण द्याल ना?