सालामांका : पदव्यांच्या भिंती आणि सत्तेची सावली

सालामांका (स्पेन) : माद्रिदच्या वायव्येस तोर्मेस नदीकाठी वसलेल्या या शहराचा इतिहास मुख्यतः तेथील विद्यापीठाचा इतिहास आहे. लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने १२१८ मध्ये त्याची स्थापना केली आणि १२५५ मध्ये पोप चौथा अलेक्झांडर याने येथील पदव्यांना मान्यता दिली. परंतु राजा आणि चर्च यांच्या आश्रयाने वाढलेल्या या संस्थेचे नाव झाले ते बव्हंशी त्या दोघांना अडचणीत टाकणाऱ्या अध्यापकांमुळे.

जुन्या इमारतींचा दगड म्हणजे जवळच्या विल्यामायोर गावचा वालुकाश्म. खाणीतून निघताना तो मऊ असतो व पुढे हवेत टणक आणि सोनेरी होत जातो; म्हणूनच विद्यापीठाच्या सोळाव्या शतकातील दर्शनी भिंतीवर ‘प्लातेरेस्क’, म्हणजे चांदीच्या नक्षीकामाच्या धाटणीचे, कोरीव काम साधले. मध्यभागी फर्डिनांड व इसाबेला हे राजदांपत्य आहे. पण अभ्यागतांची नजर शोधत असते ती कवटीवर बसलेल्या चिमुकल्या बेडकाला, कारण तो दिसला की परीक्षेत यश मिळते, असा विद्यार्थ्यांचा समज आहे.

पूर्वी डॉक्टरेटचा उमेदवार जुन्या कॅथीड्रलमधील सांता बार्बारा प्रार्थनागृहात रात्र काढून दुसऱ्या दिवशी परीक्षकांना सामोरा जाई आणि उत्तीर्ण झाल्यावर त्याचे नाव ‘विक्तोर’ या विजयचिन्हासह तांबड्या रंगात भिंतीवर रेखाटले जाई. अशी नावे आजही जागोजागी दिसतात.

त्याच परिसरात फ्राय लुईस दे लेओन यांची वर्गखोली ओबडधोबड लाकडी बाकांसह जतन केलेली आहे. बायबलच्या लॅटिन पाठापेक्षा मूळ हिब्रू पाठाला महत्त्व दिल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, त्यांना १५७२ ते १५७६ कैदेत ठेवले होते. त्याआधी, १५३९ मध्ये, फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी येथील व्याख्यानांतून अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा त्यांच्या भूमीवरील हक्क मांडला होता. पुढे यादवी युद्धात, १२ ऑक्टोबर १९३६ रोजी, कुलगुरू मिगेल दे उनामुनो यांनी विद्यापीठाच्या सभागृहात बंडखोर जनरल फ्रँकोच्या पक्षाचे सेनानी मिलान आस्त्राय यांच्या समक्ष विरोधी सूर काढला. उनामुनो यांचे पद गेले आणि वर्षअखेरीस त्यांचे निधन झाले.

त्याच फ्रँकोने पुढे ‘विक्तोर’ हे पदवीधरांचे चिन्ह आपल्या लष्करी विजयाचे चिन्ह म्हणून उचलले. शहराच्या मुख्य चौकातील, प्लासा मायोरमधील, फ्रँकोची शिल्पमुद्रा मात्र २०१७ मध्ये उतरवण्यात आली; उनामुनो राहत असलेले कुलगुरू निवासस्थान आज त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे.