जमिनीच्या उबेवर अंघोळीचं पाणी

अमेरिकेच्या उत्तर भागात अंगणात बर्फाचा थर असला, तरी काही मीटर खाली मातीचं तापमान साधारण १० अंश सेल्सियसच्या आसपास टिकून असतं. जिओथर्मल हीट पंप पुरलेल्या नळ्यांतून ही ऊब वर आणतो, कॉम्प्रेसरने तिचं तापमान वाढवतो आणि घर गरम ठेवतो. उन्हाळ्यात हेच उलट चालतं. याच यंत्राकडून अंघोळीचं पाणीही तापवून घेता येतं. तिकडे घर असलेल्या वाचकांसाठी ही जोडणी क्रमाने पाहू.

हे काम ‘डीसुपरहीटर’ करतो. कॉम्प्रेसरमधून निघणारा वायू फार तापलेला असतो. त्याची वरवरची उष्णता पाण्याला देणारा हा छोटा भाग, आणि त्याच्यासोबत पाणी फिरवणारा एक लहान पंप.

आता टाकी. एकच टाकी पुरेल, असं आपल्याला सांगितलं जाईल. जागा असेल तर ऐकू नका. विजेच्या टाकीतलं पाणी तिच्या एलिमेंटने आधीच तापलेलं असतं, मग डीसुपरहीटरला तापवायला उरतं काय? म्हणून वीज न जोडलेली दुसरी टाकी आधी बसवावी. गार पाणी प्रथम तिच्यात येतं, कोमट होऊन विजेच्या मुख्य टाकीत जातं आणि तिथून नळांना. जागा एकाच टाकीची असेल, तर निदान खालचा एलिमेंट बंद ठेवा.

यंत्राकडे टाकीतलं सर्वांत गार पाणी जायला हवं. त्यासाठी बहुतेकदा तळाच्या ड्रेन कॉकच्या जागी पितळेचा टी बसवतात. तापलेलं पाणी टाकीत कुठे सोडायचं, ते यंत्राच्या पुस्तिकेतलं चित्र पाहूनच ठरवा. तांब्याच्या पाइपाला जीआयचा तुकडा थेट जोडला, तर तो सांध्यापाशी गंजतो. दोन्ही पाइपांवर व्हॉल्व्ह ठेवा. पाणी जड असेल तर पुढे क्षार काढायला तेच उपयोगी पडतात. पाइपांना इन्सुलेशन हवंच.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पाणी भरताना. टाक्या भरा, गरम पाण्याचा नळ उघडा, फुरफुर थांबून सलग धार येऊ द्या. मग लहान पंपातली हवा काढा आणि त्यानंतरच त्याचा स्विच लावा. कोरडा फिरलेला पंप लवकर जळतो. कॉम्प्रेसर चालू असताना दोन्ही पाइपांना हात लावून पाहा. टाकीकडे परतणारा पाइप थोडाच जास्त गरम लागेल. फरक काही अंशांचाच असतो, त्यामुळे यंत्र बिघडलं असं समजू नका. पाणी पुन्हापुन्हा फिरून तापतं.

सुरक्षेत काटकसर नको. दोन्ही टाक्यांना तापमान आणि दाब वाढला की उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, आणि त्याचं तोंड कधीही बंद करू नये. पहिल्या टाकीतल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हे न्यूमोनियाचे जंतू वाढू शकतात. म्हणून मुख्य टाकी ६० अंशांवर ठेवा, आणि नळाला भाजणारं पाणी येऊ नये यासाठी पुढे मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून ते ४९ अंशांपर्यंत उतरवा.

वसंतात आणि शरदात घराला ना हीटिंग लागतं ना कूलिंग. तेव्हा हीट पंप थांबलेला असतो आणि डीसुपरहीटरही. त्या आठवड्यांत पाणी तापवते ती मुख्य टाकीच, म्हणून तिची वीज तोडू नका.