कचऱ्याचा काढा

पुण्याजवळ फुरसुंगी-उरुळी देवाचीत कचरा डेपोच्या आसपासच्या विहिरी नासल्या, लोक टँकरवर आले. करामत पावसाची. चहापत्तीवर पाणी ओतावं तसं ढिगातून झिरपणारं पाणी क्षार, अमोनिया, कधी जड धातूही घेऊन खाली उतरतं. हेच लीचेट. आपल्या किन्हवली गावाकडे मुरमाखाली काळा कातळ. तो अभेद्य वाटतो खरा, पण त्याच्या भेगांतूनच तर विहिरींना झरे फुटतात! घाणही त्याच वाटेनं येते. डेपो बंद करून वर माती लोटली तरी आत कुजणं वर्षानुवर्षं चालूच राहतं. २०१६च्या घनकचरा नियमांत भरावभूमी (कचरा पुरण्याची जागा) वस्तीपासून आणि पिण्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर हवी, असं म्हटलं होतं. जुन्या ढिगाजवळ विहीर असेल तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. उकळल्यानं जंतू मरतात, धातू जात नाहीत.