संधिवात आणि हवापालट

मावशीला चिपळूणहून सोलापूरला मुलीकडे आणलं, तेव्हा दुखणं सुटलं असंच घरात सगळ्यांना वाटलं. चिपळूणला पावसाळ्यात सकाळी तिला दुधाची पिशवी कापायला कात्रीसुद्धा धरता येत नसे. सोलापुरात महिनाभरातच ठणका कमी झाला. ‘‘इथली हवा मानवली गं मला,’’ असं म्हणत तिने हळूहळू गोळ्या सोडल्या. दीड वर्षाने बोटातली अंगठी निघेना म्हणून सोनाराकडून कापून घ्यावी लागली. मग एक्स-रे काढला. पेरांजवळचं हाड कुरतडलं गेलं होतं. दुखणं कमी झालं होतं, पण आजार आत चालूच होता.

हे ज्या संधिवाताबद्दल आहे तो म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस. वयोमानाने गुडघे झिजतात, त्यापेक्षा हा वेगळा. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते.

‘दमट हवेमुळे हा आजार होतो’ हा सगळ्यात जुना गैरसमज. तसं असतं तर कोरड्या प्रदेशात तो दिसलाच नसता. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात राहणाऱ्या पिमा आदिवासींमध्ये त्याचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आढळलं. आपल्याकडे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी पाहणी सुरू केली. इंदापूर तालुक्यातलं हे गाव कमी पावसाचं, तरी तिथे साधारण दर 200 प्रौढांमागे एकाला हा आजार निघाला. आनुवंशिकता आणि धूम्रपान यांचा त्याच्याशी संबंध पक्का ठरलेला आहे. बायकांना तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो. कोकणातली हवा कुणाला संधिवात देत नाही.

याच्या उलट टोकाचा गैरसमज मला जास्त बोचतो: ‘आभाळ आलं की दुखतं, हे सगळं मनाचे खेळ.’ सुनेने किंवा नवऱ्याने असं म्हटलं की दुखणारी बाई गप्प बसते, आणि पुढे सूज आली तरी सांगत नाही. यावर संशोधन झालेलं आहे. 1960 च्या सुमारास अमेरिकेत डॉ. हॉलंडर यांनी रुग्णांना हवामान बदलता येईल अशा बंद खोलीत ठेवलं. आर्द्रता वाढवून त्याच वेळी हवेचा दाब उतरवला, तेव्हा बहुतेकांचे सांधे जास्त कुरकुरले. रुग्ण मात्र मोजकेच होते. 1996 च्या एका अभ्यासात 18 रुग्णांच्या 15 महिन्यांच्या नोंदी तपासल्या, तर दुखणं आणि हवामान यांचा मेळ बसला नाही. पुढे मँचेस्टर विद्यापीठाने ब्रिटनमधल्या 2,658 जणांकडून मोबाइलवर रोजच्या दुखण्याची नोंद घेतली. त्यांत संधिवाताचे रुग्ण पुष्कळ होते. 2019 मध्ये निष्कर्ष आला: दमट, वारं सुटलेल्या, दाब उतरलेल्या दिवशी दुखणं वाढण्याची शक्यता नेहमीच्या दिवसापेक्षा साधारण 20 टक्क्यांनी जास्त. म्हणजे परिणाम खरा आहे, पण लहान आहे, आणि तो सगळ्यांना सारखा जाणवत नाही.

‘घाटावर दाब कमी, तिथे त्रास वाढणार’ असंही ऐकू येतं. मुंबईहून पुण्याला आलं की हवेचा दाब सुमारे 60 मिलिबारने उतरतो. पावसाळी दिवसात होणारा चढउतार याच्यापुढे किरकोळ. तरी पुण्यातल्या रुग्णांचे सांधे कायमचे जास्त दुखत नाहीत.

खरं नुकसान मावशीसारखं होतं. सांध्यांची हानी बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि ती मेथोट्रेक्सेटसारखी औषधं रोखतात. कोरड्या हवेत ती रोखण्याची ताकद नाही. शिवाय कोरड्या गावाचे स्वतःचे प्रश्न असतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं, तर मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडावाटे नीट बाहेर पडत नाही आणि अंगाला बाधू शकतं.

म्हणून गाव निवडताना आधी विचारावं: संधिवाततज्ज्ञ किती अंतरावर आहे? रक्ततपासणी नियमित होईल का? प्रतिकारशक्तीला आवर घालणारं बायोलॉजिक इंजेक्शन चालू असेल तर ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, मग वीज किती वेळ जाते? घर तळमजल्यावर आहे का, नळ फिरवायचा आहे की दांडीचा? आजारी माणसाला रोज या गोष्टी भेडसावतात.

आणि घर विकू नये. आधी भाड्याने राहून तिन्ही ऋतू काढावेत, गोळ्या तशाच चालू ठेवाव्यात. निघण्यापूर्वी आणि सहा महिन्यांनी सूज दाखवणाऱ्या सीआरपी, ईएसआर या रक्ततपासण्या करून आकडे शेजारी ठेवावेत. दुखणं उतरलं पण सूज आणि आकडे तसेच राहिले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं. मावशी आता चिपळूणलाच असते. आषाढ-श्रावणात दोन महिने लेकीकडे जाते, तिथे तिला बरं वाटतं. मेथोट्रेक्सेटची रविवारची गोळी पिशवीत सगळ्यात वर ठेवते.